आधी झाड उपटा, मूळ बघा: निमॅटोडवर तुमचे प्रश्न

निमॅटोड, म्हणजे सूत्रकृमींबद्दल इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. बरेच प्रश्न एकसारखे होते म्हणून एकत्र केलेत. सगळ्यांना लागू पडणारी एक गोष्ट आधीच सांगून टाकते, निमॅटोडचा बंदोबस्त लावणीच्या आधी होतो, लावणीनंतर हातात फार थोडं उरतं. आणि तुमच्यापैकी बहुतेकांनी मला लिहिलंय ते झाडं सुकायला लागल्यावर, त्यामुळे काही उत्तरं आवडणार नाहीत, पण खरं तेच लिहितेय.

ताई, टोमॅटोची झाडं दुपारी माना टाकतात आणि संध्याकाळी परत ताजी होतात. पानं पिवळट पडलीत, खत वाढवलं, पाणी वाढवलं, काही फरक नाही. सगळीकडे नाहीये, शेतात ठिकठिकाणी चट्टे पडल्यासारखं दिसतंय. कुणी झिंकची कमतरता म्हणतं, कुणी मर म्हणतं. शेवटी एक झाड उपटलं तर मुळांना गाठीच गाठी. हे नेमकं काय?

दादा, झाड उपटून बघितलंत हे सगळ्यात चांगलं केलंत, कारण वरून बघून हा रोग ओळखताच येत नाही. या गाठी करणाऱ्या सूत्रकृमीचं शास्त्रीय नाव मेलॉइडोगायनी. १८५५ साली इंग्लंडमध्ये बर्कली यांनी काचगृहातल्या काकडीच्या मुळांवर अशाच गाठी बघून नोंद केली होती, म्हणजे ही काही नवी कीड नाही.

आत काय चाललंय ते जरा सविस्तर सांगते, कारण ते कळलं की उपाय का चालतात आणि का फसतात ते आपोआप कळतं. अंड्यातून बाहेर पडणारं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतं, डोळ्याला दिसतच नाही. ते मातीतल्या ओलाव्यातून पोहत पांढऱ्या मुळीच्या टोकाजवळ येतं, टोकाच्या जरासं मागे आत घुसतं, पेशींच्या मधल्या जागेतून आधी टोकाकडे जातं, तिथून वळतं आणि मुळाच्या मधल्या भागात, जिथून पाणी आणि अन्न वाहतं तिथे येऊन बसतं. तोंडात सुईसारखा पोकळ काटा असतो, त्या काट्यातून ते आजूबाजूच्या साधारण ५ ते ७ पेशींमध्ये स्राव सोडतं. त्या पेशी मरत नाहीत, उलट फुगत जातात, आतलं केंद्रक परत परत विभागतं पण पेशी मात्र विभागत नाही, म्हणून एकेका पेशीत पुष्कळ केंद्रकं साठतात. यांना महाकाय पेशी म्हणतात आणि झाडाने बनवलेलं अन्न सगळं तिकडे ओढलं जातं. आजूबाजूच्या पेशीही वाढतात आणि बाहेरून आपल्याला गाठ दिसते. मादी एकदा तिथे बसली की परत हलत नाही, नासपतीसारखी फुगते आणि चिकट पिशवीत ३०० ते ५०० अंडी घालते, कधी त्याहून जास्तही. बऱ्याच जातींमध्ये नराची गरजसुद्धा लागत नाही. माती उबदार असेल, २५ ते २८ अंशांच्या आसपास, तर हे चक्र महिनाभरात पूर्ण होतं, म्हणजे चार महिन्यांच्या पिकात तीन-चार पिढ्या सहज.

आता तुमचं खत का लागू पडलं नाही ते बघा. मातीत अन्न आहे, पाणीही आहे, पण ते वर नेणारी वाटच गाठींनी वाकडीतिकडी झालीय. दुपारी ऊन तापलं की वर जेवढं पाणी लागतं तेवढं मूळ पुरवू शकत नाही, म्हणून झाड मान टाकतं. आणि चट्टे यासाठी की हा प्राणी स्वतःहून वर्षभरात मीटरभरसुद्धा सरकत नाही. आधी कुठेतरी एका जागी आला, मग मशागतीने आणि पाण्याने जिथे नेला तिथे वाढला.

एक खबरदारी मात्र घ्या. शेंगवर्गीय पिकांत मुळांवर नत्राच्या गाठी असतात, त्यांना निमॅटोड समजून औषध सोडू नका. नत्राची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, बोटाने चोळली की सुटून येते आणि फोडली की आत गुलाबी लालसर दिसते. निमॅटोडची गाठ म्हणजे खुद्द मूळच सुजलेलं असतं, ती सुटत नाही.

मर रोगासाठी दर वेळी बुरशीनाशकाची आळवणी (झाडाच्या बुडाशी औषधाचं पाणी ओतणं) करतो, तरी मर थांबत नाही. प्रतिकारक वाण लावलं तरी मर आली. असं का होतं?

मुळं बघितलीत का? फ्युझेरियम बुरशी आणि गाठीची सूत्रकृमी यांची जोडी फार जुनी आहे, १८९२ साली अमेरिकेत अ‍ॅटकिन्सन यांनी कापसावर हे लिहून ठेवलंय की जिथे गाठी आहेत तिथे मर जास्त. निमॅटोडने मुळाला जखम तर होतेच, पण फुगलेल्या गोड पेशी बुरशीला खायला मिळतात आणि झाडाची आतली प्रतिकारशक्तीही ढासळते, त्यामुळे मरीला टिकणारं वाणसुद्धा कधीकधी बळी पडतं. जिवाणूजन्य मर असेल तरी हीच गोष्ट. निमॅटोडकडे न बघता नुसतं बुरशीनाशक ओतत राहिलं तर पैसा जातो आणि मर राहतेच.

आमच्या बागेत मुळांना गाठी अजिबात नाहीत, म्हणजे निमॅटोड नाहीत असं समजायचं ना?

नाही हो, असं अजिबात समजू नका. वनस्पतींवर जगणाऱ्या सूत्रकृमींच्या ४१०० हून जास्त जातींची नोंद झालीय आणि त्यातल्या थोड्याच गाठी करतात. केळीत रॅडोफोलस नावाची सूत्रकृमी मुळात बोगदे करत फिरते, मुळं लालसर काळी पडून सडतात आणि घड भरला की झाड मुळासकट आडवं होतं, लोक वाऱ्याला दोष देतात. प्रॅटिलेंकस मुळांवर नुसते तपकिरी चट्टे पाडते. लिंबूवर्गीय झाडांवरची सूत्रकृमी अर्धी मुळात आणि अर्धी बाहेर राहते, तिच्या चिकट स्रावाला माती चिकटते म्हणून मूळ धुतलं तरी मळकट दिसतं आणि झाड वर्षानुवर्षं हळूहळू खंगत जातं. बटाट्यावरची पुटी करणारी सूत्रकृमी तर मेल्यावरही त्रास देते, मादीचं शरीरच कडक पुटी बनतं, आत शेकडो अंडी, आणि ती २० वर्षांपर्यंत मातीत टिकू शकतात, बटाट्याच्या मुळाचा स्राव लागला की मग फुटतात. द्राक्षात झिफिनेमा इंडेक्स बाहेरूनच मूळ टोचते, पण टोचताना फॅनलीफ नावाचा व्हायरस एका वेलीतून दुसऱ्या वेलीत नेते.

म्हणून गाठी नसल्या आणि झाड विनाकारण खंगत असलं तर माती आणि मुळं दोन्ही तपासायला द्या.

माती तपासायला कशी द्यायची? नेहमीच्या माती परीक्षणासारखीच का?

तशी दिलीत तर रिपोर्ट चुकीचा येईल. खतांच्या परीक्षणाला माती वाळवून देतात, इथे प्राणी जिवंत पाहिजे कारण लॅबमध्ये तो मातीतून स्वतः पोहत बाहेर यावा लागतो. वाफसा असताना, झाडाच्या मुळांजवळून १५ ते २० सेंटीमीटर खोलीची माती घ्या, फळझाड असेल तर अजून खोल. नागमोडी चालत १५-२० ठिकाणांहून घेऊन हलक्या हाताने एकत्र करा, अर्धा किलो पुरे, सोबत थोडी बारीक मुळं. पूर्ण मेलेल्या झाडाखालची माती घेऊ नका, खायला काही उरलं नाही की निमॅटोडही तिथे कमी होतात, अर्धवट आजारी झाड आणि त्याच्या शेजारचं चांगलं झाड यांच्याजवळची घ्या. प्लॅस्टिक पिशवीत बांधून सावलीत ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डवर तासभर उन्हात राहिली तरी सगळे मरतात आणि मग रिपोर्ट येतो की काही नाही! नमुना घ्यायला पीक संपत आलेलं असतानाची वेळ चांगली, तेव्हा संख्या सगळ्यात जास्त असते.

लॅब लांब असेल तर घरच्या घरीही बरंच कळतं. शेतातली माती कुंडीत भरा, त्यात काकडी किंवा निमॅटोडला बळी पडणाऱ्या टोमॅटोचं बी लावा, ५-६ आठवड्यांनी उपटून मुळं पाण्यात हळूच धुवा. गाठी दिसल्या तर शेतात काय आहे ते कळलंच, फक्त गाठी न करणारे निमॅटोड यात पकडले जात नाहीत.

पीक उभं आहे, फळं लागलीत, गाठी आहेत. आत्ता काय सोडू?

हा सगळ्यात जास्त आलेला प्रश्न आणि याचं उत्तर मी गोड करून सांगणार नाही. मुळाच्या आत बसलेल्या मादीपर्यंत फार थोडी औषधं पोचतात आणि झालेली गाठ कशानेही परत बसत नाही. आता तुम्ही पीक मरू न देता काढणीपर्यंत न्यायचं, एवढंच ध्येय ठेवा. पाणी थोडं थोडं पण वारंवार द्या कारण मूळ एकदम जास्त घेऊ शकत नाही, खतही तसंच विभागून, बुडाशी भर लावा आणि आच्छादन करा म्हणजे वरून नवीन मुळ्या फुटतील. जैविक आळवणी करायची तर करा, तिने नव्या अंड्यांवर थोडा आळा बसतो पण चमत्काराची अपेक्षा नको.

रासायनिकमध्ये फ्लुओपायरम, फ्लुएन्सल्फोन अशी नवी औषधं आहेत, जुन्यांपेक्षा माणसाला कमी विषारी आहेत, पण त्यांचाही खरा उपयोग लावणीच्या वेळी किंवा आधी, आणि तुमच्या पिकावर त्याची नोंदणी आहे का, काढणीआधी किती दिवस थांबायचं हे लेबलवर वाचल्याशिवाय हात लावू नका. निमॅटोडच्या औषधांचा इतिहास विसरण्यासारखा नाहीये. डीबीसीपी नावाचं औषध जगभर वापरलं जायचं, १९७७ साली कॅलिफोर्नियात ते बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांना मुलं होत नाहीयेत हे लक्षात आलं, त्यानंतर ते हळूहळू बंद होत गेलं. मातीत सोडायच्या मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने ओझोनचा थर खराब होतो म्हणून मॉन्ट्रियल करारात शेतीसाठी ते टप्प्याटप्प्याने बंद केलं. मातीत सोडलेलं औषध मातीतच राहतं असं नाही, ते विहिरीतही जातं.

आणि काढणी झाली की मुळं शेतात ठेवू नका. वरचं झाड कापून टाकतात आणि मुळं तशीच राहतात, त्या मुळांत अजून एक पिढी आरामात तयार होते. शेवटच्या तोड्यानंतर त्याच आठवड्यात मुळासकट उपटा, शेताबाहेर काढून वाळवून नष्ट करा. याला खर्च काही नाही फक्त मजुरी आहे, आणि माझ्या मते हा सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे.

झेंडू लावला की निमॅटोड जातात असं ऐकून बांधावर आणि मध्ये मध्ये झेंडू लावला, उपयोग झाला नाही.

होणारही नाही, तशा झेंडूने. झेंडूच्या मुळांत अल्फा टर्थिनाइल नावाचं द्रव्य असतं, पण त्याचा परिणाम झेंडूच्या मुळात घुसणाऱ्या आणि मुळाला लागून असलेल्या निमॅटोडवर होतो, दोन फुटांवरच्या टोमॅटोच्या मुळाचं रक्षण तो करत नाही. म्हणून झेंडू हेच पीक म्हणून अख्ख्या रानात दाट लावा, निदान दोन-तीन महिने ठेवा, आणि त्यानंतर मुख्य पीक घ्या. मधल्या काळात तण ठेवू नका, नाहीतर निमॅटोड झेंडू सोडून तणावर जगतील. प्रॅटिलेंकसवर झेंडूचा परिणाम फार चांगला दिसतो, गाठीच्या सूत्रकृमींवर मात्र झेंडूचं वाण आणि निमॅटोडची जात यावर अवलंबून.

तागही चांगला. गाठीच्या सूत्रकृमी त्यावर वाढत नाहीत आणि फुलोऱ्याच्या आत गाडला तर सेंद्रिय खत मिळतं ते वेगळंच. मोहरी वर्गातली पिकं बारीक करून ओल्या मातीत गाडली की त्यातून मोहरीच्या झणझणीतपणासारखा वायू निघतो, त्याने निमॅटोड कमी होतात, फक्त पीक जास्त दिवस उभं ठेवू नका, कारण मोहरीवर गाठीची सूत्रकृमी स्वतः वाढू शकते.

फेरपालट करा असं सगळे सांगतात, पण कोणतं पीक घ्यायचं ते कुणी सांगत नाही.

कारण निमॅटोडची जात कळल्याशिवाय सांगताच येत नाही. एक उदाहरण देते. भुईमूग मेलॉइडोगायनी इनकॉग्निटा या जातीला पोसत नाही, त्यामुळे तिथे भुईमुगाचा बेवड (आधी घेतलेलं पीक) उत्तम. पण शेतात मेलॉइडोगायनी अरेनेरिया असेल तर भुईमुगावर ती धो धो वाढू शकते. तेच पीक एका शेतात औषध आणि दुसऱ्या शेतात विष. मका, धान्य घ्या असं सरसकट सांगतात, पण इनकॉग्निटा मक्यावरही वाढते, फक्त वर लक्षणं दिसत नाहीत म्हणून लोकांना वाटतं रान स्वच्छ झालं. भेंडी, वांगी, टोमॅटो, मिरची, काकडी, भोपळा एकामागून एक फिरवणं म्हणजे फेरपालट नव्हेच, सगळीच बळी पडणारी. पाणी साठवता येत असेल तर भाताचा बेवड बऱ्याच गाठीच्या सूत्रकृमींना संपवतो, अपवाद मेलॉइडोगायनी ग्रॅमिनीकोला, ती भातावरचीच.

निंबोळी पेंड आणि जैविक प्रॉडक्ट खरंच काम करतात का? दोनदा वापरलं, फरक जाणवला नाही.

करतात, पण कधी आणि कसं वापरलं यावर सगळं आहे. पर्प्युरिओसिलियम लिलासिनम, याचं जुनं नाव पॅसिलोमायसिस, ही बुरशी अंड्यात शिरून अंडं खाते. पोकोनिया हीसुद्धा अंडी खाणारीच बुरशी. पाश्चुरिया नावाचा जिवाणू पिल्लाच्या कातडीला चिकटतो आणि पुढे मादीला वांझ करतो. आर्थ्रोबॉट्रिस ही बुरशी तर मातीत जाळी विणून निमॅटोड अडकवते. ही सगळी जिवंत आहेत, त्यांना ओल, सावली आणि सेंद्रिय पदार्थ लागतात. कोरड्या तापलेल्या मातीत पाण्यातून सोडलं, आठ दिवसांनी बुरशीनाशक सोडलं, की मग काय काम करणार? चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा, ओलं करून दोन आठवडे सावलीत ठेवा, लावणीच्या आधी मुळांच्या पट्ट्यात द्या, आणि पाकिटावरची एक्सपायरी बघा. निंबोळी पेंडही लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी मातीत मिसळून पाणी द्या. ती कुजताना निघणारी द्रव्यं निमॅटोडला त्रास देतात आणि मातीतले त्यांचे शत्रू वाढतात. एकाच हंगामात निकाल मागू नका, दोन-तीन पिकं सलग करा.

सगळे निमॅटोड शत्रू नाहीत हेही इथेच सांगते. मातीतले पुष्कळसे जिवाणू आणि बुरशी खाऊन जगतात आणि त्यांच्यामुळे नत्र झाडाला मोकळं होतं, काही तर दुसऱ्या निमॅटोडना खातात. कडक विष सोडलं की तेही जातात, आणि रिकाम्या रानात पहिल्यांदा परत वाढतो तो पिकावरचाच.

पॉलिहाऊसमध्ये दर वर्षी तीच पिकं घ्यावी लागतात, फेरपालट शक्य नाही. काय करू?

तुमच्यासाठी दोन गोष्टी, उन्हाने माती तापवणं आणि प्रतिकारक वाण किंवा खुंट (ज्याच्या मुळांवर कलम करतात ते रोप). माती तापवण्याची पद्धत १९७६ साली इस्रायलमध्ये काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. माती भुसभुशीत करून भरपूर पाणी द्या, २५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक प्लॅस्टिक पेपर मातीला चिकटवून अंथरा, कडा मातीने बंद करा, ऐन उन्हाळ्यात ४ ते ६ आठवडे ठेवा. काळा पेपर नको, पारदर्शकच. वरच्या थरात छान परिणाम होतो, खाली उष्णता कमी पोचते म्हणून खोल गेलेले वाचतात, त्यामुळे नंतर खोल मशागत करून खालची माती वर आणू नका.

टोमॅटोत एमआय नावाचं जनुक आहे, १९४० च्या दशकात जंगली टोमॅटोतून आणलेलं. पिल्लू जिथे बसायला बघतं त्या पेशी झाड स्वतःच मारून टाकतं, आणि जिवंत पेशी नाही म्हटल्यावर ते उपाशी मरतं. पण माती २८ अंशांच्या वर गेली की हे जनुक ढिलं पडतं, आणि मेलॉइडोगायनी हापला किंवा एन्टेरोलोबी असेल तर चालतच नाही. वांग्यासाठी सोलॅनम टॉर्वमच्या खुंटावर कलम चांगलं. तरीही दर हंगामात तेच वाण लावू नका, त्यावर मात करणारे निमॅटोड तयार होतात, मधूनमधून बदला.

आमचं रान नवीन आहे, अजून काही नाही. तसंच कसं ठेवायचं?

तुमचा प्रश्न वाचून मला खरंच बरं वाटलं, असं आधी विचारणारे फार थोडे. निमॅटोड चालत येत नाही, तो आणला जातो, आणि सगळ्यात जास्त रोपांच्या मुळांतून. रोपं घेताना ट्रेमधून पाच-दहा रोपं काढून मुळं पाण्यात धुऊन बघा, एका रोपाला जरी मण्याएवढी गाठ दिसली तर सगळी लॉट परत करा, संकोच करू नका. मातीत वाढवलेल्या रोपांपेक्षा निर्जंतुक कोकोपीटमधली बरी. फळझाडांची कलमं घेताना तर दुप्पट बघा, ती माती वर्षानुवर्षं तुमच्याच शेतात राहणार आहे. दुसऱ्याच्या रानातून आलेल्या ट्रॅक्टरचे फाळ आणि टायर बांधावरच धुऊन मग आत घ्या, वरच्या शेतातलं वाहून येणारं पाणी चर खणून वळवा, आणि दर पिकाच्या शेवटी चार कोपऱ्यांतून आणि मधून थोडी झाडं उपटून मुळं बघत राहा.